ब्रेक नसलेला ट्रेलर

दौलतसिंह कदमांच्या चेहऱ्यावर कायम कुठूनतरी दुर्गंधी आल्यासारखा भाव असायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल आठ्या आणि ओठांवर एक न उच्चारलेला ‘शी’. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी वस्तीतले लोक म्हणत, या माणसाला आमरसातसुद्धा केस दिसतो. ते खोटं नव्हतं. पण तारेच्या जोडात दुसऱ्याला न दिसणारी घाणही त्याच डोळ्यांना दिसे. कुणीतरी नुसत्या पिळून, वर चिंधी गुंडाळून ठेवलेल्या तारा सापडल्या, की दौलतसिंह तोंड वाकडं करून तेवढा तुकडा कापून टाकत आणि नव्याने डाख देऊन जोड घालत.

वडील संस्थानच्या फौजेत शिपाई होते, दौलतसिंह त्याच फौजेच्या मोटारखान्यात वायरमन. संस्थान विलीन झालं, फौज विखुरली आणि ते शहराच्या लष्कर भागातल्या सरकारी वर्कशॉपात आले. मध्यभारताची राजधानी तेव्हा सहा महिने ग्वाल्हेरात आणि सहा महिने इंदुरात असे. त्यामुळे वर्षातून दोनदा सरकार आपली कपाटं, टेबलं, पंखे ट्रकांवर लादून निघे आणि प्रत्येक खेपेत निम्म्या वस्तू मोडत. मोडलेल्या वस्तू दौलतसिंहांपुढे येत. नुसत्या मोडलेल्या नाहीत, तर वाटेत कुणीतरी आतलं चांगलं काढून घेतलेल्या. पंख्यातली तार गेलेली, दिव्याचा होल्डर गेलेला.

“तुम्ही एवढं मनाला का लावून घेता?” फोरमन कृष्णराव म्हणत. दोघे फौजेत एकत्र होते. “आता हे कुणाचंच नाही. समजलं?”

छप्पन साली हुकूम आला. नवं राज्य होणार, राजधानी कायमची भोपाळला जाणार. फाइली रेल्वेने जायच्या होत्या. खात्याच्या प्रयोगशाळेतली नाजूक यंत्रं मात्र जीपला ट्रेलर जोडून न्यायची ठरली. तो ट्रेलर महायुद्धानंतरच्या लिलावात घेतलेला होता, अमेरिकन फौजेचा. त्याच्या चाकांत विजेवर चालणारी चुंबकं होती. जीपमध्ये स्टिअरिंगखाली एक छोटी पेटी बसवायची, कंट्रोलर. ड्रायव्हरने तिची दांडी ओढली की मागच्या सॉकेटमधून करंट ट्रेलरला जाई आणि त्याची चाकंही आवळली जात. नाहीतर उतारावर मागचं ओझं जीपला पुढे ढकलत नेई.

ते सगळं जोडायचं काम दौलतसिंहांकडे आलं.

ट्रेलर वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी पाच वर्षं पडून होता. त्यावरची ताडपत्री त्यांनी ओढली आणि मागे सरून भिंतीला टेकून ओकले. आत सडलेल्या भाज्या, फुटक्या बाटल्या आणि किडे वळवळणारं एक मेलेलं मांजर होतं. कडेच्या पत्र्यावर पानाच्या पिंकांचे थर वाळले होते. मुताच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. हे वर्कशॉपातल्याच माणसांनी केलेलं होतं, रोज डबा खाऊन, हात धुऊन, इथे येऊन. साफ करायला कुणी हात लावेना. त्यांनी नाकाला पंचा बांधला आणि फिनेलच्या बादल्या ओतून स्वतःच ते सगळं खरवडलं.

मग काम सुरू झालं. उंदरांनी खाल्लेली केबल पूर्ण टाकून दिली. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून पेटी, पेटीपासून मागच्या सॉकेटपर्यंत नवी तार ओढली, गरम सायलेन्सरपासून लांब, चेसिसला जागोजाग बांधत. सॉकेटच्या पिना पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या. तपासायला दांडी ओढली तेव्हा डाव्या चाकातून ‘टक्’ असा आवाज आला. उजवं मुकं राहिलं.

त्यांनी उजव्या चाकाचा ब्रेकड्रम उघडला. आत चुंबक नव्हतंच. त्या जागी डांबरात बुडवलेल्या काथ्याचा गोळा ठासला होता आणि तारेची दोन टोकं त्यातच खुपसली होती, वरवर बघणाऱ्याला जोडलेली वाटावीत म्हणून.

“तुमचं काम का हे?” त्यांनी कृष्णरावांना विचारलं; ड्रम उघडायची हत्यारं फोरमनच्याच कुलपात असत.

कृष्णराव हसले. “चुंबकाच्या कॉइलमध्ये तांबं होतं. ट्रेलर सडूनच राहिला होता. मी नाही तर दुसऱ्याने नेलं असतं.”

गोळा दौलतसिंहांच्या हातात होता. त्यांना तो मेलेल्या मांजरापेक्षा घाण वाटला.

दोघे खात्याच्या साहेबांकडे गेले. दौलतसिंहांनी सांगितलं, एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रेलर आडवा होईल, म्हणून दोन्ही बंद ठेवावे लागतील. आग्र्याच्या जुन्या मालाच्या बाजारात असं चुंबक मिळतं, थोडं थांबा.

“थांबणं शक्य नाही,” साहेब म्हणाले. “दिवे लागतात ना? मग निघू द्या. और वो डब्बा लगा रहने दो. वरून कुणी पाहिलं तर दिसायला पाहिजे.”

“त्याची तार कुठेच जाणार नाही, साहेब.”

“तार कोण बघतंय?”

बाहेर आल्यावर कृष्णराव हळूच म्हणाले, “तिकडे दूर जंगलात, झाबुआच्या वर्कशॉपात जागा रिकामी आहे म्हणतात. जपून.”

संध्याकाळी दौलतसिंहांनी पेटीच्या तारा कापल्या आणि ती रिकामी पेटी स्टिअरिंगखाली चार स्क्रूंनी घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी गाडी उमाजी पवार नेणार होता, त्यांच्याच आळीतला.

घरी ताटावर बसले पण घास उतरेना. त्यांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या, “जेवा हो. जग काही तुम्हाला विचारून घाण होत नाही.”

“आज मी केली,” ते म्हणाले आणि ताट सरकवलं.

सकाळी ते पोचले तेव्हा ट्रेलर भरलेला होता. प्रयोगशाळेच्या खोक्यांवर साहेबांचा सोफा, पितळी पलंग आणि शिवणयंत्र रचलं होतं. उमाजी जीपमध्ये बसून दांडी वरखाली करून बघत होता.

“दादा, बढिया बसवलीय. उताराला काळजी नाही.”

“खाली उतर, उमाजी. ती पेटी खोटी आहे. ट्रेलरला ब्रेक नाही.”

उमाजीने दांडी सोडली. “खोटी? कुणी बसवली?”

“मी.”

उमाजीने किल्ली काढली आणि उतरला. दौलतसिंहांनी सगळ्यांसमोर स्क्रू सोडवून पेटी बॉनेटवर ठेवली. साहेब ओरडले, कृष्णरावांनी समजावलं, पण उमाजी म्हणाला, “शिवपुरीच्या रस्त्याला उतार आहेत, साहेब. मला पोरंबाळं आहेत.”

दुसरा ड्रायव्हर मिळायला फारसा वेळ लागला नाही. कृष्णरावांनी पेटी स्वतः परत बसवली. जीप गेली आणि भोपाळला धडधाकट पोचली. एक काचही फुटली नाही.

कृष्णराव वर्कशॉपभर सांगत फिरले, “बघा, पोचली की नाही? उगाच घाबरवून सोडलं.” लोक हसले. अपघात झाला तर काय होईल, या विचाराने दौलतसिंहांची झोप उडाली होती. आता तो झाला नाही आणि खोटंच खरं ठरलं, म्हणून त्यांना शिसारी आली. पुढच्या महिन्यात आणखी दोन गाड्यांना तशाच पेट्या बसवायचा निरोप आला. त्यांनी राजीनामा टाइप करून घेतला, कचेरीत दिला आणि वर्कशॉपच्या नळावर हात धुऊन ते बाहेर पडले.

झाबुआची बदली उमाजीच्या नावावर निघाली. तो गेला नाही, नोकरीच सोडून बसला. आपल्यामुळे त्याच्या घरची चूल अडली, हे दौलतसिंहांना फार लागलं. ते त्याच्या घरी गेले, तर उमाजी ओट्यावर सायकलची चेन घासत होता.

“तुम्ही सांगितलं नसतं तर मी गेलोच असतो ना,” तो म्हणाला. “चहा घ्या.”

पुढे दौलतसिंहांनी किला गेटजवळ मोटारवायरिंगचं दुकान टाकलं. उमाजीला भिंडच्या रस्त्यावर खासगी बस मिळाली. त्या बसची प्रत्येक तार दौलतसिंहांच्या हातची. सीटखाली शेंगांची टरफलं सापडली, की ते उमाजीला सगळ्या पॅसेंजरांदेखत झापत आणि उमाजी निमूटपणे झाडू घेऊन आत शिरे.