सत्तावीस मिनिटांचा गुरू

उज्जैनमध्ये माणसं वय वर्षांनी सांगतात खरं, पण आठवणी सिंहस्थांनी मोजतात. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो, क्षिप्रेच्या घाटांवर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि तो पुढे सरकला की घराघरात एकेक खूण मागे राहते. फ्रीगंजमधल्या जयूकाकू पोतनीसांकडे ब्याण्णवच्या सिंहस्थात मुलगा अमोल रांगत होता, दोन हजार चारच्या सिंहस्थात सासरे गेले, आणि सोळाच्या सिंहस्थात यजमान सुहासराव बँकेतून रिटायर झाले. आता अठ्ठावीसच्या सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवले आहेत, आणि काकूंच्या दारापर्यंत ऑटो काही येत नाही.

तरी दर गुरुवारी माणसं चालत येतात. सकाळी काकूंची पूजा होते, गाईला चण्याची डाळ आणि गूळ जातो, मग पिवळ्या काठाचं लुगडं नेसून त्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरतात. कुणी पत्रिका बघायला येतं, कुणी नव्या बाळाची करून घ्यायला. काकू कधी दक्षिणा घेत नाहीत. कुणी केळी ठेवली तर पुढच्याच्या हातात देतात. "गुरूचं काम आहे. तो देणारा ग्रह. त्याच्या नावानं घेत बसलं तर त्याला काय वाटेल?"

ही विद्या त्यांना सासऱ्यांकडून मिळाली. यज्ञेश्वरपंत पोतनीस, सगळ्यांचे नाना, शाळेत गणिताचे मास्तर होते. घराण्यात शिंद्यांच्या वेळेपासून कारकुनी. नानांनी आकड्यांची आवड आकाशाकडे वळवली. नव्या सुनेला त्यांनी महाकाळाचं दर्शन घडवलं, आणि तिथून थेट वेधशाळेत नेलं. दगडी सूर्यघड्याळासमोर उभं करून विचारलं, "सूनबाई, तुझ्या मनगटावर किती वाजलेत?"

"साडेदहा."

"आणि सूर्याचे?"

सावली दहाच्या आसपास रेंगाळत होती. जयू गोंधळली. नाना खूश होऊन हसले. "टावर चौकातलं घड्याळ सरकारचं. ते साऱ्या देशाला एकच वेळ दाखवतं. उज्जैनची स्वतःची वेळ त्याच्या सत्तावीस मिनिटं मागे. बाळ कुठल्या आकाशाखाली जन्मलं? आपल्या. मग पत्रिका मांडताना घड्याळातून सत्तावीस वजा करायचे. हे विसरलीस तर गुरूला त्याच्या घरातून उचलून शेजारच्या घरात बसवशील."

त्या घरात सत्तावीस हा आकडा मीठ-तेलासारखा झाला. अमोल लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा सत्तावीसपाशी थांबून आजोबांकडे बघायचा.

नानांची एक पद्धत होती. जन्माची बातमी आली की चिठ्ठीवर घड्याळाची वेळ काळ्या शाईनं लिहायची, आणि सत्तावीस वजा करून आलेली उज्जैनची वेळ खाली तांबड्या शाईनं. दोन्ही शाया असल्या म्हणजे घोटाळा नको.

गुरूबद्दल त्यांनी सुनेला काय नाही शिकवलं! गुरू म्हणजे ज्ञान, संतती, धर्म. मुलीच्या पत्रिकेत नवऱ्याचं सुख त्याच्यावरून बघतात. स्वतःच्या राशीत, केंद्रात म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात बसला तर हंसयोग होतो. आणि शेवटी एक गोष्ट ते हटकून सांगत, "शनी माणसाला भीतीनं सरळ करतो. गुरू सरळ करतो ते लाजेनं. आपलंच मन आपल्याला खातं ना, ते गुरूचं काम."

काकूंच्या वरच्या मजल्यावर शैलेंद्र आणि अपर्णा राहतात. शैलेंद्र रेल्वेत, अपर्णा शाळेत. त्यांची मुक्ता अठ्ठ्याण्णवच्या आषाढात झाली, आणि तिची पत्रिका ही जयूकाकूंनी एकट्यानं मांडलेली पहिली पत्रिका. नाना तेव्हा टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते. पडल्या पडल्या त्यांनी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून दिली: दुपारी बारा अठ्ठावीस. जयूनं सगळं गणित तीनदा करून पाहिलं. कन्या लग्नरास, समोर सातव्या घरात स्वतःच्या मीन राशीतला गुरू. हंसयोग! ती जवळजवळ धावतच खोलीत गेली.

नानांनी तापातच विचारलं, "नीट केलीस ना?"

"हो नाना."

"मग मला दाखवायचं काम नाही."

या एका वाक्यावर जयूकाकू सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं फुलून राहिल्या.

मुक्ता मोठी झाली. फिजिओथेरपी शिकली, आता दवाखान्यात लकवा झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. काकू तिला हाकच मारत, "हंसिनी, आलीस का गं?" आणि इंदूरच्या कल्पनाताईंच्या विक्रांतचं स्थळ जमलं ते याच हंसयोगावर. कल्पनाताईंनी त्याआधी दोन मुली गुरू कमजोर म्हणून नाकारल्या होत्या. मुक्ताची पत्रिका पाहून मात्र त्या फोनवरच म्हणाल्या, "सातवा गुरू, तोही स्वगृहीचा! अहो, असा गुरू दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही." विक्रांत आणि मुक्ताचं एकमेकांशी आधीच जमलं होतं, ते बिचारे गुरूचे सगळ्यांपेक्षा जास्त आभार मानत होते. मुहूर्ताची घाई होतीच: वैशाख हुकला की अधिक महिना, मग चातुर्मास, आणि दिवाळीच्या तोंडावर गुरू सिंहेत डोकावणार, सिंहस्थ गुरूत कल्पनाताईंच्या घरी लग्न होत नाही. येत्या गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं.

काकूंना वाटलं, मुक्ताला पत्रिका नव्या कागदावर सुंदर अक्षरात लिहून द्यावी, आणि वर नानांनी तिच्या जन्मादिवशी रोजनिशीत जे लिहिलं असेल ते उतरवावं. मंगळवारी दुपारी त्यांनी अठ्ठ्याण्णवची रोजनिशी काढली. ताप असूनही नानांनी दोन ओळी लिहिल्याच होत्या:

"अपर्णेस कन्या. घड्याळी १२.५५. आनंद."

काकूंनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग जुनी चिठ्ठी काढली. बारा अठ्ठावीस. मनातल्या मनात वजाबाकी करायची गरजच नव्हती. सत्तावीस.

पेन्सिलीला काळी-तांबडी कुठून असणार? नानांनी वजाबाकी करूनच वेळ दिली होती, आणि जयूनं ती घड्याळाची समजून पुन्हा सत्तावीस वजा केले होते. मुक्ताच्या मोबाईलमधल्या पत्रिकेनंही तीच वेळ घड्याळाची धरली. मुक्तानं ती काकूंच्याच कागदावरून घातली होती. म्हणून आजवर कुणालाच शंका आली नाही.

काकूंनी पुन्हा गणित मांडलं. कन्या नाही, तूळ लग्नरास. चंद्र तोच, गुण तेच. गुरू मात्र सातव्यातून सहाव्यात गेला. रोगाच्या, वैऱ्यांच्या, कटकटींच्या घरात. हंसयोग नाहीच.

सुहासरावांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, पण कळणार कुणाला?"

"मला कळलंय ना."

"मुलांचं ठरलंय. तुझ्या एका चुकीपायी मोडलं तर?"

काकूंनी रोजनिशी मिटली. मुक्ता जन्मली तेव्हा त्यांनी तिला दुपट्यात गुंडाळून जिना चढवला होता. मोडलं तर ते त्यांच्या हातून मोडणार होतं, आणि न सांगावं तर कल्पनाताई ज्या गोष्टीवर विश्वास ठेवून सुपारी फोडणार, ती गोष्टच नव्हती. दोन दिवस जेवण काही गोड लागलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या वर गेल्या आणि अपर्णाला सांगितलं. अपर्णाच्या हातातलं तबक तिथेच राहिलं.

"काकू, तुम्ही आत्ताच कशाला बघायला गेलात हो?"

शैलेंद्र आतून आला. "काकू, आप भी ना! सत्तावीस मिनिटांचं काय घेऊन बसलात? आमची गाडी त्यापेक्षा जास्त लेट असते."

"गाडी उशिरा आली तरी त्याच स्टेशनवर येते रे शैलेंद्र. हा गुरू दुसऱ्याच स्टेशनवर उतरलाय."

"सुपारी होऊन जाऊ द्या," अपर्णा रडवेली झाली. "मग सांगा. पाया पडते तुमच्या."

मुक्ता दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आई, त्यांना सांगू दे. नंतर कळलं तर मलाच खोटं पाडतील."

पाहुणे आले. कल्पनाताई, त्यांचे यजमान, विक्रांत. पोहे झाले, चहा झाला. सुपारीला हात लागायच्या आधी जयूकाकूंनी दोन्ही कागद पुढे ठेवले, आणि काही न लपवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. चूक माझी, नानांची नाही, मुलीची तर नाहीच, असं तीनदा म्हणाल्या.

कल्पनाताईंनी कागद हातात घेतले, ठेवले. "म्हणजे जयूताई, एवढी वर्षं तुम्ही या मुलीला हंसिनी म्हणत होतात ती उगीचच?"

"पत्रिकेपुरती उगीच."

"आणि असा गुरुवार मांडून किती जणांना सांगत आलात?"

तो टोला बसायचा तिथे बसला. काकूंनी मान खाली घातली. कल्पनाताई उठल्या. "आम्हाला जरा विचार करू द्या." विक्रांत काहीतरी बोलायला गेला, तर आईनं नुसतं पाहिलं. सुपारी तबकात तशीच राहिली.

त्यानंतर वरच्या मजल्यावरून खाली कुणी बोलेना. अपर्णा जिन्यात भेटली की पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. पुढच्या गुरुवारी सतरंजीवर दोनच माणसं आली. फ्रीगंजमध्ये बातमी दुधाच्या आधी पोचते.

पण त्या आठवड्यात काकू घरात बसून राहिल्या नव्हत्या. कल्पनाताईंचा प्रश्न त्यांनी खराच धरला होता: किती जणांना? नानांच्या आजारपणातल्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या त्यांनी शोधल्या. सात निघाल्या. एकेक रोजनिशीशी ताडून पाहिली. तीन पत्रिकांत तोच घोटाळा सापडला, मुक्ताची धरून. बासष्ट वर्षांच्या काकू खणलेल्या रस्त्यावरून चौकापर्यंत पायी गेल्या आणि तिथून ऑटो करून भैरवगढला. तिथे रमेश छिपा कापडावर ठसे उमटवतो. त्याच्या दारात उभ्या राहून काकूंनी सांगितलं, "भैया, तुम्हारी कुंडली मैंने गलत बनाई थी।"

निळीनं रंगलेले हात पुसत तो हसला. "काकीजी, ठप्पा आधा उंगल खिसक जाए तो हम भी पूरा थान दोबारा धोते हैं। बैठो, चाय पियो।"

दुसरी पत्रिका गौरीची होती, ती आता पुण्यात असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "काकू, तरीच! मी म्हणत होते, कर्तृत्व कुठाय त्या दशमातल्या गुरूचं." दोघी फोनवर हसल्या. काकूंचं हसणं बऱ्याच दिवसांनी होतं.

तिसऱ्या गुरुवारी सतरंजीवर चार माणसं होती. पाचव्या येऊन भिंतीला टेकून बसल्या त्या कल्पनाताई. काकूंनी ओळखलं, पण नंबर मोडला नाही. पुढच्या बाईंच्या नातवाची चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी आता सवयीचा झालेला नवा प्रश्न विचारला, "वेळ कुणी लिहिली? घड्याळाची आहे ना, नक्की?" कल्पनाताई सगळं ऐकत होत्या.

त्यांचा नंबर आला. त्यांनी पिशवीतून मुक्ताची पत्रिका काढली.

"इंदूरला दोघांकडून तपासून आणलीय. तूळच येते. गुरू सहावाच."

"हो."

"दोघांनी मिळून चार शांती सांगितल्या. तुम्ही एकही नाही सांगितलीत."

"सहाव्यातला गुरू शांत करून काय करणार ताई? तो रोग्याच्या उशाशी बसणारा. पोरगी दिवसभर करते काय? बारा वर्षांनी पाय टाकणाऱ्या माणसाला भिंत धरून उभं करते. मला हे आधी दिसायला हवं होतं. पत्रिका चुकीची होती, पण मुलगी समोर होती."

कल्पनाताईंनी पत्रिकेची घडी घातली. "आमच्याकडे पत्रिका घेऊन येणारा प्रत्येक जण चांगलंच सांगायचा. म्हणून मी नाकारत बसले; विश्वास कुणावर ठेवायचा? आपल्याच माणसाबद्दल वाईट सांगायला आपणहून पुढे आलेल्या तुम्ही पहिल्याच." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "शिवाय विक्रांतनं घरात बोलणं टाकलंय, ते वेगळंच."

"जेवतो ना?"

"दणकून जेवतो. फक्त बोलत नाही."

सतरंजीवरची माणसं हसली. कल्पनाताईंनाही हसू आलं. "काढा आता वैशाखातला दिवस. पण वेळ घड्याळाची सांगा हो, नाहीतर आमचं वऱ्हाड सत्तावीस मिनिटं आधी येऊन उन्हात उभं राहायचं."

काकूंनी पंचांग उघडलं, पण डोळे भरल्यानं अक्षरं दिसेनात. त्यांनी आधी जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"अपर्णा! तबक घेऊन खाली ये गं. सुपारी तीच आण, नवी नको."

वर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं वाजली, दोन माणसांची, आणि पुढचं पाऊल धावत येत होतं.

काकूंनी नवा कागद घेतला. काळ्या शाईनं लिहिलं: घड्याळी दुपारी १२.५५. खाली तांबड्या शाईनं: उज्जैन १२.२८. आणि त्याखाली, नानांच्या रोजनिशीतला शेवटचा शब्द जसाच्या तसा उतरवला. आनंद.