वैलावरचं पाणी

उकळून उकळून पाणी मरतं आणि मेलेल्या पाण्याचा चहा चांगला होत नाही, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या भोरच्या घरात हा सिद्धान्त माझ्या आजीचा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तो पाठ झाला होता. चहाला पाणी ताजं हवं, पितळी पातेल्यातच हवं, उकळी फुटली की लगेच उतरायला हवं. कॉफीचं तर विचारूच नका. बिया घरी भाजायच्या, घरी दळायच्या, वरून जायफळ. पातेल्यात घोटभर पाणी उरलं तर ते तुळशीपलीकडच्या अळवाला ओतायचं, पुन्हा चुलीवर चढवायचं नाही. मीही लहानपणी हे सगळं इमानेइतबारे पाळलं. पण मी स्वतः ज्या पाण्यामुळे जगात आले, ते आदल्या दिवसापासून उकळत होतं आणि कापूरहोळच्या धोंडाबाईंच्या वैलावर होतं. तेव्हा तसल्या पाण्याला माझ्यादेखत कुणी नावं ठेवू नयेत.

वैल आता कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. मातीच्या चुलीला बाजूने जोडलेलं ते दुसरं तोंड. चुलीत जाळ घातला की धग आतून वैलापर्यंत जाते. चुलीवर भाकरी चालू असते आणि वैलावर कालवण शिजत राहतं.

धोंडाबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं, डोंगराच्या पोटातलं. तिथे पावसाळ्यात सरपण ओलं, गोवऱ्या ओल्या, घराच्या भिंतीसुद्धा ओल्या. विस्तव विझला तर शेजारणीकडून निखारा आणायचा, आणि शेजारीण ओढ्याच्या पलीकडे. म्हणून त्यांच्या घरात विस्तव विझू द्यायचा नाही आणि वैल कधी मोकळा ठेवायचा नाही, अशी रीत होती. वैलावर पाण्याचं भांडं कायम. तांब्याभर गरम काढलं की तांब्याभर गार ओतायचं. कुणी भिजून आलं, कुणाच्या पोटात दुखलं, कुणाला चहाची तलफ आली, की पाणी तयार. लग्न होऊन धोंडाबाई कापूरहोळला आल्या त्या ही रीत बरोबर घेऊनच. दुसरं फारसं काही आणायची त्यांच्या बापाची ऐपत नव्हती.

सासरचं घर अगदी फाट्याला लागून होतं. भोरचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथून हाक मारली तर ओसरीवर ऐकू जाईल एवढं जवळ. नवरा गेनबा भला माणूस, बैलांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा. घरात राज्य सासूचं, म्हणजे ठकुबाईचं. ठकुबाईला आयुष्यात एकच शौक होता, सकाळचा चहा. गुळाचा, काळा, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात चांगला रटरटलेला. तो पोटात जाईपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही आणि तिच्याशी बोलायची कुणाची छातीही नव्हती. पण ज्या वैलाच्या पाण्यामुळे हा चहा झटपट मिळायचा, त्या वैलावर मात्र तिचा भारी राग.

रागाला कारण होतं. कापूरहोळच्या बाजूला वेल्ह्यासारखं रान नव्हतं, सरपण लांबून आणावं लागायचं. शिवाय पाणी कायम तयार असतं हे फाट्यावरच्या गाडीवानांना कळलं होतं. थंडीत बैल सोडून जो तो धोंडाबाईंच्या दारात. ठकुबाई ओसरीवरून करवादायची.

"कुणाच्या बारशाचं पानी तापतंय गं ह्ये? दिसभर निस्त्या गोवऱ्या खातंय!"

धोंडाबाई उलट बोलायच्या नाहीत. पण भांडंही उतरवायच्या नाहीत. गोवऱ्यांना हात लावायला नको म्हणून शेतातली धसकटं, भुसकट, वाळका पाला असलं काहीबाही स्वतः गोळा करून आणायच्या आणि त्याच्यावर विस्तव राखायच्या. अशी दोघींची दोन-तीन वर्षं गेली. मग एका पौषात सासूने फर्मान काढलं.

"आता बास. संक्रांतीच्या आत वैलाचं तोंडच लिंपून टाकती. न ऱ्हाईल वैल, न ऱ्हाईल त्यो धरमशाळेचा पसारा."

ठकुबाई बोलून थांबणारी नव्हती. तिने घमेलंभर माती आणली, त्यात भुसा घातला, पायाने तुडवली आणि भिजत ठेवली. उद्या सकाळी चहा झाला की लिंपायचं. त्या संध्याकाळी धोंडाबाईंनी भांडं घासून पुसून शेवटचं वैलावर चढवलं. पुढे त्यांनी माझ्या आईला सांगितलं, "रडले म्या त्या रातीला. भांडं लाखाचं हुतं म्हनून न्हाई. माझ्या म्हायेरचं तेवढंच काय ते हितं हुतं."

त्याच वेळी भोरला आमच्या घरी माझी आई, सरोज, आदल्या दिवसापासून कळा देत होती. पहिली खेप. सुईणीने हात टेकले. डॉक्टरांनी पहाटे पाहिलं आणि वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की इथे माझ्याच्याने होणार नाही, उशीर न करता पुण्याला न्या. माझे वडील रघुवीर, कचेरीतले साधे कारकून. ते अनवाणी धावत सुटले आणि सावळाराम ड्रायव्हरला झोपेतून उठवून त्याची सर्व्हिसची मोटार दारात घेऊन आले. आईला गोधड्यांत गुंडाळून मागे निजवलं. कडाक्याची थंडी होती. मोटार कशीबशी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत आली, झाकणाखालून वाफेचा लोट निघाला आणि ती थांबली.

पाण्याचा रबरी पाइप सांध्यातून सुटला होता आणि वाटेत सगळं पाणी गळून गेलं होतं. सावळारामने जुन्या ट्यूबची पट्टी आणि सुतळी घेऊन पाइप आवळून बांधला. तेवढ्यात वडील समोरच्या, म्हणजे धोंडाबाईंच्या, घरच्या हौदातून बादली भरून घेऊन आले आणि ओतायला वाकले. सावळारामने त्यांचं मनगटच धरलं.

"साहेब, थांबा! तापलेल्या लोखंडावर गार पानी वतलं तर तडकंल त्ये. मग गाडी हितनं हलायची न्हाई."

"मग करायचं काय?"

"निवू द्यायची. घटका-दोन घटका तरी. न्हाईतर उकळतं पानी पायजे, त्ये बारीक धारंनं सोडता येतंय. पर या वक्ताला उकळतं पानी कुठनं आनायचं?"

मागून आईचा आवाज येत होता. वडील सांगायचे की आयुष्यात ते दोनदा रडले, त्यातलं एकदा कापूरहोळच्या फाट्यावर हातात गार पाण्याची बादली धरून.

मोटारीच्या आवाजाने धोंडाबाई बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाय की पानी. उकळतं हाय."

सावळारामला वाटलं ही बाई भलतंच काही बोलते आहे. तोवर धोंडाबाई आत जाऊन पदराने धरून भांडं आणि एक वाटी घेऊन आल्यासुद्धा. भांड्यातून वाफा निघत होत्या. सावळारामने झाकण उघडलं. पण धोंडाबाई त्याच्याकडे न जाता मोटारीच्या मागच्या दाराशी गेल्या, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी भरून फुंकर घालू लागल्या.

"अगं बाई, त्यातलं थेंब थेंब लागनार हाय!" सावळाराम ओरडला.

"आदी बाई, मग मोटार," धोंडाबाई म्हणाल्या. "कळा तुज्या मोटारीला येत्यात का हिला?"

आमच्या आजीचं सोवळं फार कडक. बाहेरचं पाणी सुनेने प्यायचं म्हणजे अब्रह्मण्यम! आईने ती वाटी प्यायली, दुसरीही मागून घेतली. ती म्हणायची की पाणी घशाखाली उतरलं तेव्हा आपण अजून जिवंत आहोत हे तिला कळलं. आजीला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला प्रायश्चित्त म्हणून काय काय खायला घातलं असतं देव जाणे.

मग मोटारीची पाळी आली. सावळाराम बारीक धार सोडत होता, आतून सूं सूं आवाज येत होता. अंगणातल्या चुलीवर अंघोळीचा हंडा नुकताच चढवला होता, त्यातलं पाणी जेमतेम कोमट झालं होतं. उकळतं आत गेल्यावर तेही हळूहळू मिसळलं. सावळारामने आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"आजून तांब्याभर तरी पायजे, आन् त्ये बी उकळतंच. कोमट गेलंय त्येवढं बास, आता गार सोसायचं न्हाई लोखंडाला."

भांडं रिकामं, हंडा रिकामा. आता घरात उकळती वस्तू एकच होती. चुलीवर ठकुबाईचा चहा रटरटत होता. पत्ती पडली होती, गूळ पडला होता, आणि समोर पाटावर ठकुबाई रोजच्यासारखी तोंड मिटून बशी घेऊन बसली होती.

धोंडाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागायचं धाडस होईना. सासूने सुनेकडे पाहिलं. बाहेर आई पुन्हा कळवळली. ठकुबाई उठली, पातेलं उचललं, रस्त्यावर आली आणि पदराचं टोक मोटारीच्या तोंडावर धरून चहा गाळून ओतायला लागली.

"आजी! आजी, गूळ हाय त्यात!" सावळाराम कळवळून म्हणाला. "मोटार हाय ही!"

"मग काय झालं?" चहा पोटात जायच्या आधी ठकुबाई बोलल्याची ती पहिलीच वेळ. "गोड मानून घील."

मोटार सुरू झाली. वडील सांगायचे की कात्रजचा घाट चढताना पुढून येणाऱ्या वाफेला गुळाच्या चहाचा वास येत होता. त्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात, दुपार व्हायच्या आत, मी जन्मले. डॉक्टरीणबाई वडिलांना म्हणाल्या की आणखी थोडा उशीर केला असता तर दोघींपैकी एकही तुम्हाला मिळाली नसती. सावळारामला पुढे मोटारीतला चिकटा खरवडता खरवडता नाकी नऊ आले, आणि ठकुबाईच्या नावाने त्याने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर त्या घरावरून जाताना त्याने भोंगा वाजवला नाही असं कधी झालं नाही.

मोटार गेल्यावर त्या घरात काय झालं ते धोंडाबाईंकडून आम्हाला कळलं. चुलीत निखारे होते, पण सगळी भांडी पालथी. ठकुबाई बिनचहाची येऊन बसली ती थेट मातीच्या घमेल्याशी. आता वैल गेला, हे धोंडाबाई धरूनच चालल्या. तरी त्या म्हणाल्या, "आत्याबाई, दम धरा, च्याचं आधन ठिवते."

"त्या भांड्यात मावतंय किती?" ठकुबाई म्हणाली. "एका मोटारीला पुरलं न्हाई."

आणि तिने वैलाचं तोंड लिंपण्याऐवजी त्याचे काठ फोडायला घेतले. वैल रुंद केला, भोवती भिजवलेल्या मातीचा नवा उंच काठ घातला, हंडा बसतो का ते ठेवून पाहिलं, तो काढला, पुन्हा हात फिरवला. ऊन अंगणात येईपर्यंत सासू-सुना दोघी मातीत बरबटून बसल्या होत्या, आणि ठकुबाईला चहाची आठवण झाली नाही.

पुढच्या संक्रांतीला आई मला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेली. तिळगूळ, धोंडाबाईंना खण, आणि ठकुबाईला चहाची मोठी पुडी. ठकुबाईने पुडी हुंगली, मला उचललं आणि निरखून पाहिलं. "ही व्हय, माझा च्या पिऊन गेलेली?" त्यानंतर दरवर्षी आम्ही गेलो आणि दरवर्षी तिने हेच विचारलं. मला नलू म्हणून तिने कधी हाक मारली नाही. मी मोठी झाले तशी त्याचा राग यायला लागला, तर ती आणखीच हसायची.

मी बारा-तेरा वर्षांची असताना ठकुबाई गेली. आई आणि मी भेटायला गेलो. आई धोंडाबाईंच्या पायाशी वाकली, "तुमचे उपकार मी कसे," असं म्हणायला लागली, तसं त्यांनी पाय मागे घेतले.

"माजं काय त्यात? मी पानी दिलं. पानी भरलं की पुना व्हतंय. त्यांनी त्यांचा च्या दिला वं. बाई, तो किती मोठा, त्ये आमाला म्हाईत."

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. ठकुबाईला दोन दिवस काही गिळवत नव्हतं. चमच्याने चहा पाजायला गेल्या तर तिने मान फिरवली. सकाळ होत होती. बाहेर सावळारामच्या मोटारीचा भोंगा वाजला. ठकुबाईने डोळे उघडले.

"धोंडे, वैलावर पानी हाय का?"

"हाय, आत्याबाई. हंडाभर हाय."

"असू दे. कुनी तरी यील." एवढं बोलून तिने डोळे मिटले.

आई रडत होती. मीही रडले, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या म्हातारीचा चहा पिऊन मी आले होते ते अगदी खरं होतं. धोंडाबाईंनी डोळे पुसले, वैलावरच्या हंड्यातून तांब्याभर पाणी काढलं, तांब्याभर गार ओतलं, आणि आम्हाला गुळाचा काळा चहा केला. ते पाणी पहाटेपासून उकळत होतं. आजीच्या सिद्धान्ताप्रमाणे ते केव्हाच मेलेलं होतं. मी दोनदा मागून घेतला.