पिवळी रेघ

एल्मेरने एकच काम उलट्या क्रमाने केलं, पण ते नेमकं नको तेच. फिलिपिन्समधल्या बातांगास बंदरालगतच्या गॅरेजात तो ट्रकच्या पाठीवर तवा बसवायचा. ट्रेलर ज्यात अडकतो तो जाड लोखंडी तवा. बोल्ट आवळून झाला की नटावर पिवळी रेघ ओढायची, असा नियम. त्या दिवशी डब्यातला रंग सुकत चालला होता, म्हणून त्याने रेघा आधीच ओढल्या आणि देल्फिन ड्रायव्हरच्या पैशाने कॉफी प्यायला गेला. परत आल्यावर रेघा दिसल्या, तेव्हा आवळणं झालंच असेल असं तो धरून चालला.

देल्फिन तो ट्रक घेऊन निघाला. वळणावर तवा उखडला, ट्रेलर कलंडला, देल्फिनचा पाय गेला. दवाखान्यात एल्मेरने त्याला सगळं सांगितलं. देल्फिनने मात्र गॅरेजच्या मालकाला सांगितलं, "वळण मीच जोरात घेतलं." एल्मेरची नोकरी टिकली.

आता दर रविवारी तो देल्फिनकडे जातो. त्याला 'कुया', म्हणजे दादा, म्हणतो.

"कुया, निदान त्या कॉफीचे पैसे तरी घे."

"रेघा बघूनच निघालो होतो मी. काय सुरेख ओढल्या होत्यास," देल्फिन कुबडी सरकवत म्हणतो. "राहू दे. देणं फिटलं तर तू कशाला येशील?"

एल्मेर पैसे खिशात घालतो, आणि पुढच्या रविवारी तेच घेऊन येतो.