मणकेमास्तरांची पिशवी

आमच्या यांना कॉलेजातली पोरं मणकेमास्तर म्हणतात आणि यांना ती पदवी वाटते. डॉक्टर होऊ घातलेल्यांना हाडं शिकवायची, हाच यांचा जन्मभराचा उद्योग. त्यातही मणका हातात आला की स्वारी खुलते. लग्नात माझ्या अंगावर कुठला रंग होता विचारा, आठवत असेल तर शपथ!

परीक्षा घ्यायची तऱ्हाही जगावेगळी. जाड काळ्या कापडाची पिशवी, आत मणके. पोरांनी हात घालून नुसत्या बोटांनी ओळखायचं. पिशवी शिवली कोणी? मी. घरातच शिंपीण असल्यावर पैसे कोण देतो! दोन्ही बाजूंच्या पंखांना भोकं लागली तर मणका मानेचा. भोकं नाहीत, पण बरगडी टेकायला गुळगुळीत खळगे आहेत आणि मागचा काटा लांब, खाली झुकलेला, तर छातीमागचा. भोकं नाहीत, खळगे नाहीत, नुसताच जाडजूड ठोंब्या, तर कमरेचा. मानेतला पहिला म्हणजे नुसती कडी, दुसऱ्याला वर खुंटी. त्या खुंटीभोवती कडी फिरते म्हणून माणसाला मान हलवून ‘नाही’ म्हणता येतं. घरातलं काही काम सांगा, यांची कडी लगेच फिरते.

मग माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. सुई धरलीय की सुटलीय, कळेना. शिवणावर माझं पोट. बोटं गेली तर मी काय करणार? यांना सांगितलं. चेहरा काय उजळला म्हणता! “अंगठा ना? मग मानेतला पाचवा आणि सहावा. त्यांच्यामधून निघणारी नस!” अचूक सांगितलं हो, चुकायची काय बिशाद! आणि चहा प्यायला बसले. पुन्हा सांगितलं, पुन्हा पाचवा-सहावा. एकदा तर घरी आलेल्या विद्यार्थ्यांना माझ्या मानेवर बोट ठेवून जागासुद्धा दाखवली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टरकडे चला म्हटलं की परीक्षा, पेपर, मीटिंग. मीही शिवणाच्या घाईत पुढे ढकलत गेले.

परवाच्या रविवारी पिशवी उसवली म्हणून घरी आणली. मी टाके घातले, कसेबसे. यांनी एक मणका आत टाकला. “घाल हात, बघू,” हे म्हणाले. हा यांचा जुना खेळ, आणि मी कधी चुकत नसे.

“छातीमागचा,” मी म्हटलं.

“छातीमागचा? अगं, बाजूची भोकं बघ की!”

अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. “भोकं नाहीत.”

“उगाच थट्टा करू नकोस.”

“मला लागत नाहीयेत हो.” खरं सांगते, तेव्हा घाबरले मी. यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. मानेचा मणका होता, दोन्ही बाजूंना स्वच्छ भोकं. माझा अंगठा धरून यांनी एका भोकावर दाबला. “आता?”

“नाही.”

दुसऱ्याच दिवशी दवाखाना. डॉक्टरबाईंनी तपासलं, मशीनमधून फोटो काढला. “पाचवा-सहावा,” त्या म्हणाल्या. घ्या, मास्तरांना शंभरपैकी शंभर! “नस फार काळ दाबली गेलीय. ऑपरेशनने आणखी बिघडणं थांबेल, पण बोटांची खात्री देत नाही. कधीपासून आहे हे?”

“कालपासून,” हे म्हणाले.

“दोन वर्षं,” मी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर हे हळूच म्हणाले, “एवढं झालं होतं, मला सांगायचं तरी.”

“सांगितलं की. प्रत्येक वेळी तुम्ही मला नंबर सांगितलात.”

 माझा अंगठा यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता. तेही मला खाली बघितल्यावर कळलं.