उसिर

महादेवीनं मला तीन वेळा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी तिला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. चूक माझी. मालकाची, कारखान्याची नंतर बघू; आधी माझी.

तिला सोलापूरला मीच आणलं. टॉवेलच्या कारखान्यात मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि मागावरच्या माणसांवर लक्ष ठेवणारा. टॉवेलचे सुटे दोरे कापायला मुली हव्या होत्या. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका गावातून ही चौदा वर्षांची पोर मिळाली. रजिस्टरात अठरा लिहिलं गेलं. तेही मीच सांगितलं होतं.

अक्कलकोटच्या स्टँडवर तिची आई शिवव्वा सोडायला आली होती. पोरीच्या हातात कडक भाकरीचं गाठोडं, पायात भावाच्या चपला, बोटभर मोठ्या. एसटी लागली तशी शिवव्वा म्हणाली, "अण्णा, ही लई बोलत न्हाय. पर बोलली की ऐकून घ्या. उगं बोलायची न्हाय."

"आमी हाय की तितं," मी म्हणालो.

मी स्वतः तेराव्या वर्षी मोडनिंबहून असाच एकटा आलो होतो. फाट्यावर एसटीत बसवताना आई म्हणाली होती, "दुखलंखुपलं तर सांग कुणाला तरी. गप बसू नगंस." पहिल्याच वर्षी मी तापानं फणफणलो आणि गपच बसलो. शेजारच्या विणकराच्या घरातल्या म्हाताऱ्या अम्मानं माझ्या कपाळावर हात ठेवला, तेलुगूत काहीतरी बोलली आणि मला आपल्या चटईवर निजवलं. ती काय बोलली ते मला आजही ठाऊक नाही. हात तेवढा कळला.

महादेवीला मी आईचंच वाक्य दिलं: दुखलंखुपलं तर सांग. आणि तिनं सांगितलं.

शेडमध्ये मागांचा खडखडाट एवढा, की समोरचं माणूस अर्धं ओठांवरूनच ऐकावं लागतं. कापसाची लव सतत हवेत तरंगते; सुट्टीपर्यंत भुवया पांढऱ्या होतात. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "अण्णा, उसिर."

"कसला उशीर? साडेतीन वाजल्यात. सुट्टी साडेपाचला. जा."

दोन दिवसांनी पुन्हा आली. "उसिर बरवल्दु." पुढचा शब्द मागांच्या आवाजात मला नीट कळला नाही. मी पुन्हा घड्याळाकडं बोट केलं. तिसऱ्यांदा तर मान वर न करताच ते बोट केलं आणि बाकीच्या मुलींना ओरडून म्हणालो, "आल्या बगा उशीरबाई!" सगळ्या हसल्या. तीही हसली, तोंड उघडं ठेवून. ते तोंड उघडं का होतं, हे आता मला माहीत आहे.

चौतीस वर्षं सोलापुरात काढूनही माझं कन्नड बाजारापुरतं. एष्टु, साकु, ब्याड; किती, पुरे, नको. पोरीला मराठी कळायचं, पण दुखलं की तोंडी कन्नडच यायचं. पण खरं सांगायचं तर भाषेचं निमित्त पुरत नाही. मला माल पाठवायची घाई होती. तिच्या पाठीवर हात ठेवला असता तरी कळलं असतं.

त्यानंतर तिनं सांगायचं सोडलं. ती दाराजवळ सरकून बसू लागली, मग उंबऱ्यावरच. तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुली तक्रार करायच्या, "बसूनच झोपतीय ओ ही. लई नखरे." मी ऐकायचो आणि मागाकडं वळायचो. एका दुपारी ती नळापाशी कोसळली. उचलली तेव्हा तिची नखं निळी पडली होती.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "उसिर उसिर म्हणतीय ही. कधीपासनं?"

मी तेव्हाही म्हणालो, "काम सुटायला उशीर होतोय म्हणते, सिस्टर."

सिस्टर हद्दीकडच्याच असाव्यात. माझ्याकडं बघतच राहिल्या. "उशीर न्हाय ओ. उसिर म्हंजे श्वास. उसिर बरवल्दु. श्वास येईना झालाय तिला."

मग डॉक्टरांनी वय विचारलं. चौदा, मी म्हणालो.

ती वाचली. छातीचं दुखणं जुनं असावं, धुळीनं ते चेतवलं, असं डॉक्टर म्हणाले. "आधी आणलं असतं तर," एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं. शिवव्वा तिला घेऊन गेली. आता ती घरातून बोअरवर पाण्याला निघाली तर वाटेत दोनदा बसते.

गावाकडच्यांनो, पोर एकटं धाडताना तुम्ही राहायचं, जेवायचं विचारता. त्याचं दुखणं कुणाला कळेल, हेही विचारा. आणि माझ्यासारखे जे आधी आलात, त्यांनी "आमी हाय की" म्हणताना जीभ आवरा. ताटात भाकरी पडली की ते घर, असं मी एवढी वर्षं मानत आलो. आता वाटतं, जीव घुसमटला तर एका शब्दात सांगता येतं आणि ऐकणारा उठून उभा राहतो, ते घर. मी पोरीला तसल्या घरातून उचलून आणलं होतं.

मागच्या महिन्यात तिच्या गावी गेलो. "माझी चूक झाली" हे कन्नडात कसं म्हणायचं ते सिस्टरकडून शिकून घेतलं होतं, एसटीत घोकत होतो. महादेवी कट्ट्यावर बसली होती, श्वासाचा पंप मुठीत. शिवव्वानं "बसा" म्हटलं नाही. पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "उशीर केलासा, अण्णा."

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो.

"तू उसिर म्हणालीस, महादेवी. मी उशीर ऐकलं. नंद तप्पातु."