पोराला जमिनीवर ठेवलं तो दिवस

मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत मी देवावर मनातून रुसून होतो आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. माझं गाव वाशिमजवळचं रिठद, पण मी सुरतेत धाग्याच्या कारखान्यात कामाला आहे. सातवीला शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा लिहिताना बोलल्यासारखंच लिहीन. यश जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. त्याला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीबाहेर उभं राहून मी आमच्या महादेवाला नवस बोललो, की याला वाचव. स्वतःच्या पायानं पहिलं पाऊल तुझ्या पायरीवर टाकेल तोवर आम्ही त्याला जमिनीवर टेकवणार नाही. पोरगं वाचलं. मी सुरतेला निघून आलो आणि नवस बायकोच्या अंगावर पडला.

तिनं तो पाळला. मांडीवर, पाळण्यात, कडेवर, पण खाली कधी नाही. मी फोनवर रोज विचारायचो, बसला का? ती म्हणायची, अजून नाही. मान डगमगते, मुठी उघडत नाहीत, कडेवर घेतलं तर पाय फाकत नाहीत. घरचे म्हणत, होते एखादं पोर उशिरा. मी मनात देवाला म्हणायचो, आम्ही आमचा शब्द पाळतोय, मग तू का अडून बसलास? दिवाळीला गेलो तर तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. "नवस तुमचा, कंबर माही," एवढंच म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

कामरगावकडे एक जण नसा चोळून मोकळ्या करतो असं कोणी सांगितलं, म्हणून आम्ही निघालो. वाशिमवरून पुढे जाणाऱ्या एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. एका म्हाताऱ्या बाईनं, गाडीत सगळेच करतात तसं, पोराला मांडीवर मागून घेतलं. तिनं त्याला बसवून पाहिलं, मग आडवं घेतलं. त्याचे पाय एकमेकांवर चढत होते ते हातानं सोडवून पाहिले. मग विचारलं, "जन्मला तवा रडला होता का?" मी नाही म्हणालो. तिच्या नातवाचंही असंच होतं; म्हणाली, नसा चोळून हे जात नाही, आधी डॉक्टरला दाखव. ती मुलीकडे कामरगावलाच चालली होती, तिकीट पुढचं होतं, तरी वाशिमला आमच्यासोबत उतरली आणि सरकारी दवाखान्यात लहान मुलांना तपासतात त्या खोलीपर्यंत घेऊन गेली. चिठ्ठी काढली, नंबर येईपर्यंत बसून राहिली.

डॉक्टरांनी बाळंतपणाचं सगळं विचारलं. मान, मुठी, गुडघे, सगळं हलवून पाहिलं. मग शेजारच्या व्यायामाच्या मॅडमनी सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, याला पालथं ठेवा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही. नवस मोडला तर पोराला काही होईल, ही भीती खरीच होती; आजही ती खोटी होती असं म्हणवत नाही. मी नवस सांगितला. मॅडम हसल्या नाहीत. एसटीतल्या त्या बाई मात्र दारातून म्हणाल्या, "देवानं मांगतलं होतं का हे? तूच बोलला, तूच कबूल केलं. देव बोलला का त्यात कुठं? ठेव बापू खाली."

मी ठेवलं. माझ्याच हातानं. यश खूप रडला. नंतर रडता रडता त्यानं मान जराशी उचलली, परत टाकली, परत उचलली. मॅडम म्हणाल्या, हेच रोज करायचं आहे. मागे वळून पाहिलं तर त्या बाई गेलेल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

पुढे अकोल्याला मेंदूचा फोटो काढला, डोळे-कान तपासले. आजाराचं नाव सेरेब्रल पाल्सी. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं: जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, म्हणून मेंदूचा हुकूम हातापायाला नीट पोचत नाही आणि स्नायू कडक राहतात. ती इजा वाढत नाही, पण पुसलीही जात नाही. व्यायाम केला नाही तर पाय आखडत जातात. म्हणून रोजचा व्यायाम, पायाला पट्टे, लागलं तर पुढे इंजेक्शन. चालेल का, विचारलं. म्हणाले, आज सांगता येत नाही. माझ्या नवसापायी दीड वर्ष त्याला उचलून धरण्यात त्याचाच वेळ गेला, हे मला तेव्हा कळलं. बायकोनं यावरून मला एकदाही ऐकवलं नाही.

यश आता चार वर्षांचा आहे. पट्टे बांधून, खाट धरून उभा राहतो. बापाला 'बा' म्हणतो, आईला पूर्ण 'आई'. मी सुट्टीत गेलो की व्यायाम माझ्याकडे. पहिल्यांदा करायला घेतला त्या दिवशी मी घाईनं त्याचा पाय ओढायला गेलो आणि तो किंचाळला. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला. "ओढू नका. नुसतं धरून राहा. तो आपोआप सोडते." मी धरून राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे, मनात शंभू महादेवाचं नाव चाललं होतं, मागणं काहीच सुचत नव्हतं. मग माझ्या तळहातात तो कडक पाय हळूहळू सैल झाला.

तेव्हापासून मी देवाशी काही ठरवत नाही. सकाळी कारखान्यात जाण्याआधी हात जोडतो आणि, यशचा पाय धरून राहतो तसा, काही न मागता थोडा थांबतो.