बोरीच्या पालखीचं पितळ

समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, घासून लखलखीत केलेल्या पितळेला कोणीही उघडा हात लावू नये. घामाने बोटांचे ठसे उठतात आणि चार दिवसांत काळे पडतात. नव्वदच्या दशकात जुन्नरच्या बाजारगल्लीत मी पॉलिशच्या दुकानात नोकरीला होतो, तिथे शिकलेलं हे ज्ञान.

बोरी बुद्रुकच्या पालखीच्या दांड्याची दोन वाघमुखं आणि चार कळस आले होते. मालक परगावी, सगळं काम पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. बफच्या फिरत्या चाकावर घासलं, धुतलं, लाकडाच्या भुशात कोरडं केलं, हातमोजे घालून पांढऱ्या फडक्यावर मांडलं. आता लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, फवारा मारला की पितळ सुरक्षित. नेमकी तेव्हाच लाईट गेली. फवाऱ्याचा कॉम्प्रेसर गप्प. मी दारात जाई, परत येऊन बल्बकडे बघे, पुन्हा दारात. एक जरी डाग दिसला तरी पुढचं काम पुण्याला देऊ, असं बोरीकरांनी आधीच सुनावलं होतं.

आणि लाईटच्या आधी त्यांची जीप आली. चार म्हातारे आणि एक आजी. देवाचं काही दिसलं की आपल्याकडे हात आधी तिथे जातो, मग कपाळाला. चार हात पुढे झाले.

"आजोबा, हात नको!"

"का रं भाऊ? आमच्या हाताला काटे हायेत व्हय?"

मी घाम, ठसे, काळे डाग, सगळं समजावलं. "म्हंजे आमी घामट?" म्हणत ते आणखी पुढे सरकले. मग मी पुजाऱ्यासारखा चेहरा केला आणि बेधडक ठोकून दिलं, "सोवळ्यातलं आहे सगळं. मंत्र म्हणून ठेवलंय."

काय जादू! चौघेही हात मागे बांधून भिंतीला टेकले. मी स्वतःवरच लई खूश. तेवढ्यात आजीने पदराची गाठ सोडून हळद काढली आणि बोट दुकानातल्या पाण्याच्या तांब्यात बुडवलं.

"आजी, सोवळं!"

"मग? मी न्हाऊन आलेय, उपास बी हाय. मला चालतंय."

ओली हळद वाघमुखाच्या कपाळापासून चार बोटांवर थांबली. डाग एकही पडला नाही. पाठोपाठ लाईट आली, लॅकरही झकास बसलं. तरी बोरीचं पुढचं काम पुण्यालाच गेलं, कारण भर दुकानात, पाच जणांसमोर मी ओरडलो होतो, "आजी, देव कसला, नुसतं पितळ हाय ते!"